खारवण्याचे इंग्रजी गाऱ्हाणे

त्या सोमवारी आठवीच्या एकतीस वह्या तपासून झाल्या, तरी शर्वरी तिरोडकर बाईंच्या तांबड्या पेन्सिलीचे टोक जसेच्या तसे राहिले होते. खारवण्याच्या माध्यमिक विद्यालयात बाई चौतीस वर्षे इंग्रजी शिकवत होत्या. या पेन्सिलीच्या धाकाने आज गावात आजोबा झालेली माणसेही अजून बाईंसमोर खांदे सरळ करून उभी राहत. आणि आज त्याच पेन्सिलीला करायला काही उरले नव्हते.

निबंधाचा विषय होता 'माझे गाव'. एकतीसही मुलांचे इंग्रजी निर्दोष होते. स्पेलिंग चुकलेले नव्हते, क्रियापद घसरलेले नव्हते. सातव्या वहीपाशी बाईंच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक निबंधात गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले होते, प्रत्येक निबंधात समुद्र मन मोहून टाकत होता आणि शेवटी प्रत्येक जण थोडक्यात सांगायचे तर आपल्या गावाचा अभिमान बाळगत होता. ओवी तांडेलनेसुद्धा हेच लिहिले होते. तिच्या घराची पडवी गेल्या आषाढात त्याच मन मोहून टाकणाऱ्या समुद्राने ओढून नेली होती.

"एकाने लिहिले आणि तिसांनी उतरवले, असे म्हणावे तर शब्द वेगवेगळे आहेत," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "पण माणूस एकच आहे, राऊळ सर. एकतीस वह्यांत एकच माणूस बसला आहे, आणि तो आपल्या गावचा नाही."

राऊळ सर बाईंचेच जुने विद्यार्थी. हातातला कागद बाईंना द्यावा की टेबलावर ठेवून पळावे, या विवंचनेत ते उभे होते.

"बाई, परिपत्रक आले आहे. पुढच्या जूनपासून इंग्रजीचा तास बंद. पट्टी आल्यावर शिकवायचे काय, असे विभागाचे म्हणणे आहे. कोणत्या शाळेला हरकत असेल, तर त्यांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखवायची: पट्टीने जे येत नाही, असे इंग्रजीच्या तासात काय शिकता येते? सहा महिन्यांची मुदत आहे. हरकत घेणारी शाळा एकही नाही."

"आहे," बाई म्हणाल्या. "आपली. लिहा."

"सिद्ध काय करायचे ते?"

"ते मला अजून ठाऊक नाही. तुम्ही आधी हरकत लिहा."

पट्टीची हकीकत अशी. दिवसभरात शिकलेले मेंदू रात्रीच्या गाढ झोपेत पुन्हा एकदा उजळणी करून पक्के करतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होते. त्या झोपेत मेंदूत संथ विद्युत्‌लहरी उठतात. लहर माथ्यावर असते तो क्षण स्मृती रुजण्याचा. कानामागे चिकटवायची एक बोटभर पट्टी हा क्षण अचूक ओळखत असे आणि नेमक्या त्या वेळी अतिक्षीण प्रवाहाबरोबर भाषेचे तुकडे कानात सोडत असे. अशा एकवीस रात्री गेल्या की मूल बाविसाव्या सकाळी इंग्रजी बोलत उठे. सोळा वर्षांपर्यंतच्याच मेंदूत हे साधत असे. त्यानंतर भाषेच्या वाटा कठीण होतात. मोठ्या माणसांसाठी कानात घालायचा मणी होता. लोक त्याला दुभाष्या म्हणत. तो बोललेले तेवढे सांगे आणि पदरचे काही घालत नसे.

पट्टीत जो आवाज होता, तो कोणा एकाचा नव्हता. कोट्यवधी माणसांचे लिहिणे-बोलणे दळून त्याचे मधले पीठ काढले होते. कोणालाही खटकणार नाही असे वाक्य ती प्रथम पुरवी. मुलांना इंग्रजी आले, यात शंकाच नव्हती. पण त्या इंग्रजीत राहायला कोणी आलेले नव्हते.

बाईंना उत्तर सापडले ते देवळात, आणि तेही न शोधता.

गावच्या जत्रेच्या सकाळी देवळाचा मानकरी बाबल राऊळ गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. तळकोकणात गाऱ्हाणे म्हणजे नुसती तक्रार नव्हे. गावाच्या वतीने एकाने देवापुढे उभे राहायचे, घरोघरची अडचण मोठ्याने मांडायची आणि जमलेल्यांनी हुंकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा! तांडेलाचो झील बोटीर गेलो हा, चार म्हयने फोन नाय, तेच्या आवशीचो जीव थाऱ्यार नाय, तेका बुद्दी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. त्या गर्दीत मागे उभी असलेली त्या मुलाची आई मात्र ओरडली नाही. ती पदराने डोळे पुसत नुसती मान हलवत राहिली. तिचे दुःख दुसऱ्याच्या तोंडून निघाले होते, तरी ते तिचेच राहिले होते.

बाईंनी प्रसादाचा नारळ घेतला आणि त्या तडक घरी न जाता शाळेत आल्या. फळ्यावर त्यांनी इंग्रजीत एकच ओळ लिहिली: 'दुसऱ्याचे गाऱ्हाणे असे घाला, की त्याला ते आपले वाटेल.'

दुसऱ्या दिवशी आठवीला गृहपाठ मिळाला. प्रत्येकाने एका घरी जायचे, त्या माणसाचे गाऱ्हाणे मालवणीत ऐकायचे आणि वर्गात इंग्रजीत मांडायचे. मग तो माणूस वर्गात येईल, कानात दुभाष्या घालून ऐकेल आणि यातले आपले कोणते ते ओळखेल.

"म्हणजे आमचे पेपर सत्यवतीआजी तपासणार?" रुद्र धुरीने विचारले. "बाई, तिला सहीसुद्धा येत नाही."

"म्हणूनच तिला फसवता यायचे नाही," बाई म्हणाल्या. "बस खाली."

सत्यवती केळुसकर ही समुद्रकाठची म्हातारी. तिचे गाऱ्हाणे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांविषयी होते. त्यांच्या माथ्यावर रात्रभर तांबडे दिवे लुकलुकत. चार मुलांनी तिचे ऐकले आणि शनिवारी वर्गात इंग्रजीत मांडले. म्हातारी पहिल्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. 'सागरी प्रकल्पांमुळे होणाऱ्या दृश्य व्यत्ययाबद्दल स्थानिक रहिवाशांना चिंता वाटते', असे दुभाष्याने तिच्या कानात सांगितले, तेव्हा ती दचकून मागे वळली.

"ह्या कोण बोलता गे? कलेक्टराची बायल काय?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "थांबा. आता कसे मांडायचे ते ऐका," असे म्हणून त्या स्वतः उभ्या राहिल्या. म्हातारीचे गाऱ्हाणे त्यांनीही ऐकले होते. चौतीस वर्षांच्या अनुभवाने घासूनपुसून बसवलेली सहा वाक्ये त्यांनी संथ, खणखणीत इंग्रजीत म्हटली. म्हातारीने ती शेवटपर्यंत मन लावून ऐकली.

"ह्या पण तांच," तिने निर्णय दिला. "जरा म्हातारां."

आता वर्गात कोणी हसले नाही. बाईंच्या तोंडावर असे बोलायची खारवण्यात कोणाची छाती नव्हती, आणि म्हातारीला आपण काही बोललो आहोत याची जाणीवही नव्हती. बाई खुर्चीवर बसल्या. एकतीस वह्यांतल्या त्या परक्या माणसाला आपण ओळखतो, हे त्यांना त्या क्षणी कळले. पट्टी येण्याआधी तीस वर्षे त्याला हाताला धरून वर्गात आणून बसवणाऱ्या त्याच होत्या. मुलांच्या वाक्यात मालवणी वळण दिसले, की त्यांनी ते तांबड्या पेन्सिलीने कापले होते. पट्टीने त्यांचेच काम एकवीस रात्रींत आटोपले, एवढेच.

"आजी," ओवी म्हातारीपाशी जाऊन खाली बसली, "तू माका परत एकदा सांग."

"आधी दर्यात एक दिवो दिसलो की मी चुलीर भात टाकंय. घोव इलो म्हणान समजा. आता हजार दिवे. भात कोणाच्या नावान टाकू?"

ओवी उठली. तिने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, अडखळली, पुन्हा पहिल्यापासून बोलली. भात, चूल, नवऱ्याच्या होडीचा एक दिवा, हजार दिवे, एवढेच ती म्हणाली. वाक्ये तोकडी होती आणि एक तर मध्येच तुटले. म्हातारीने कानातला मणी बोटाने आत दाबला. मग तिने ओवीच्या गालावरून हात फिरवला आणि ती वर्गाला उद्देशून म्हणाली, "ह्या माजां."

त्या दिवसापासून बाईंच्या तासाला नवे नियम लागू झाले. ऐकताना लिहायचे नाही. ऐकलेले आधी त्या माणसालाच मालवणीत सांगायचे. तो 'व्हय' म्हणेपर्यंत इंग्रजीला हात लावायचा नाही. मग इंग्रजीत सुचलेले पहिले वाक्य टाकून द्यायचे. "पहिले वाक्य पट्टीचे," बाई सांगत, "दुसरे सवयीचे. तिसरे आले तर तुझे." पुस्तकातले धडे वाचतानाही त्या एकच प्रश्न विचारत: हे कोण बोलते आहे आणि कशावरून? मुले आधी कंटाळली, मग चिडली, आणि दिवाळीनंतर आपापसांत भांडू लागली की तुझे वाक्य अजून पट्टीचेच आहे. बाईंनी ती भांडणे मिटवली नाहीत. गावातल्या म्हाताऱ्यांना शनिवारची सवय लागली. कोणाचे गाऱ्हाणे ओळखू आले नाही, तर ते पोराला नापास करून खुशाल घरी जात.

मुदत संपता संपता विभागाचे पत्र आले. परीक्षणासाठी येणाऱ्या अधिकारी होत्या तन्वी मेस्त्री.

"भिकाजी मेस्त्रीची तन्वी?" बाईंनी राऊळ सरांना विचारले. "होड्या बांधणाऱ्या भिकाजीची? हुशार होती. इंग्रजी मात्र वाकडे लिही. मी सरळ केले."

राऊळ सर तन्वीच्याच वर्गातले. त्यांनी पत्राची घडी घातली.

तन्वी मेस्त्री गाडीतून उतरल्या, बाईंना वाकून नमस्कार केला आणि सरळ होताच म्हणाल्या, "तुमच्या शनिवारच्या परीक्षेविषयी वाचले, बाई. ती शास्त्रशुद्ध नाही. एकीचे गाऱ्हाणे दिव्याचे आणि दुसऱ्याचे विहिरीचे असेल, तर माणूस विषयावरून ओळखेल. मला एकाच व्यवसायाची, एकाच तक्रारीची तीन माणसे हवीत. माणसे मी निवडीन, आत्ता. मुलेही मीच निवडीन. तुमची तीन आणि जिल्ह्याच्या आदर्श विद्यालयाची तीन. ती मी बरोबर आणली आहेत. त्यांना फक्त पट्टी आहे, तुमचा तास नाही. दोन्ही शाळांची मुले त्याच तिघांचे ऐकतील. सहा गाऱ्हाणी होतील. मालकाला आपले वाटले, तर त्याने हात वर करायचा. तुमच्या तिन्ही मुलांना हात मिळाले, तर तास राहील. दोनच मिळाले, तर परिपत्रक कायम."

"दोघांनी ओळखले, तरी नाही?"

"तुम्ही आम्हाला दोन-तृतीयांशावर कधी पास केले होते, बाई?"

बाईंनी मान वर केली. "बरोबर आहे. तिन्ही."

तन्वीबाईंनी निवडलेली तीन माणसे म्हणजे खारवण्याचे तीन जुने होडीवाले सुतार. किनाऱ्यावर आता होड्या यंत्रातून थरावर थर चढवून छापल्या जात. फणस-आंब्याच्या लाकडाची होडी बांधणे पंधरा वर्षांपूर्वी संपले होते. तिघांचे गाऱ्हाणे एकच, हात रिकामे झाल्याचे. तिघांतला एक भिकाजी मेस्त्री, तन्वीबाईंचे वडील. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा म्हणून तो गावात प्रसिद्ध होता. बाईंच्या बाजूने तिथे जायची चिठ्ठी निघाली ओवीच्या नावाची.

मुले तीन घरांकडे गेली. चाळीस मिनिटे होती. रिकाम्या वर्गात बाई आणि तन्वीबाई समोरासमोर बसल्या.

"तुम्ही माझा एक निबंध तपासला होता," तन्वीबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "आठवीत."

"मी हजारो तपासले."

"विषय होता 'माझे वडील'. मी लिहिले होते, माझे बाबा लाकूड ऐकतात. तुम्ही 'ऐकतात' खोडलेत आणि वर 'ओळखतात' लिहिलेत. मग वर्गात वाचून दाखवलेत, लाकडाला काय तोंड आहे, म्हणून. पोरे वर्षभर मला बाकाला कान लावून दाखवत."

बाईंना तो निबंध आठवला नाही. आठवला असता तर बरे झाले असते.

"मग तू आज त्याचा हिशोब करायला आली आहेस?" त्यांनी विचारले. आवाज नेहमीचाच होता, पण हात टेबलाखाली एकमेकांत गुंतले होते.

"नाही, बाई. मी तुमची विद्यार्थिनी आहे. उत्तर चूक असेल तर चूक म्हणेन, बरोबर असेल तर बरोबर. तुमच्याकडून मी हेच शिकले."

परत आलेल्या सहा मुलांना वेगळे बसवले. तीन म्हातारे पुढच्या बाकांवर बसले. मागे निम्मे गाव लोटले होते. सगळ्यांच्या कानांत दुभाष्या होता. सत्यवतीआजीने पुढे येऊन जुन्या परीक्षकाच्या तोऱ्यात पहिल्या बाकाचा कोपरा बळकावला.

आदर्श विद्यालयाची मुले आधी बोलली. काय ते बोलणे! जसे तेल ओतावे. पारंपरिक कौशल्यांचा ऱ्हास, कारागिरांचे पुनर्वसन, वारशाचे जतन. तिघेही म्हातारे आदराने ऐकत राहिले. तिसरा मुलगा थांबला, तेव्हा भिकाजीने शेजाऱ्याच्या कानात विचारले, "ह्यो मंत्री खयचो?" हात कोणाचाच वर झाला नाही.

मग रुद्र धुरी उठला. त्याच्या सुताराला बायको ओरडते, कारण तो घरातले चांगले दरवाजे उतरवून पुन्हा बसवत बसतो. रुद्रने ते सांगितले आणि दुसऱ्या बाकावरून हात वर झाला. हाताचा मालक लाजून हसत होता. दुसऱ्या मुलीने सांगितलेला सुतार रोज किनाऱ्यावर जाऊन छापलेल्या होडीवर थुंकतो आणि मग कोणी पाहू नये म्हणून पुसतो. "आता ह्या सगळ्यांका सांगूक व्हया होता काय?" असे पुटपुटत त्यानेही हात वर केला.

ओवी उभी राहिली. पहिले वाक्य ती टाकून देत होती, हे बाईंना तिच्या ओठांवरून दिसत होते. तिने दुसरे टाकले.

मग ती इंग्रजीत म्हणाली, "मी फार बोलत नाही. मला बोलायची गरज नव्हती. मी लाकूड ऐकत होतो."

तन्वीबाईंचे पेन थांबले.

"वासा ठोकला की तो सांगतो, मी आत पोकळ आहे, मला पाण्यात नेऊ नको. खोटे बोलणारे लाकूड मी पाहिले नाही. साठ वर्षे मी ऐकले. आता किनाऱ्यावरच्या होड्यांना ठोकून पाहतो. त्या काहीच बोलत नाहीत. घरात मुलगी नाही, ती मोठ्या कामावर आहे. किनाऱ्यावर लाकूड नाही. लोक म्हणतात, भिकाजी गप्प आहे. मी गप्प नाही. मी कान देऊन बसलो आहे."

भिकाजी मेस्त्रीने हात वर केला नाही. त्याने दोन्ही हातांनी बाक धरला, त्यावर भार देऊन तो उभा राहिला आणि देवळात भरतात तसा हुंकार भरला.

"व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्यवतीआजी कडाडली, आणि मग निम्मे गाव असे गरजले की कौलांवरचे कावळे उडाले. ओवीला कोणी उचलून घेतले ते कळले नाही. आदर्श विद्यालयाची तीन मुलेही टाळ्या वाजवत होती. राऊळ सर तर पदाची शोभा विसरून बाकावर चढले होते.

त्या गदारोळात बाई उठल्या आणि तन्वीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत कोणी ऐकले नव्हते असे एक वाक्य त्या सगळ्या गावादेखत म्हणाल्या.

"मेस्त्री, माझे चुकले. ती वही आण. एक दुरुस्ती राहिली आहे."

"ती मी त्याच दिवशी फाडली, बाई."

"मग नवीन लिही. मी थांबते."

तन्वीबाईंनी अहवालाचा कोरा कागद पुढे ओढला. बरोबर आणलेले विभागाचे अहवाल लिहून देणारे यंत्र नेहमीप्रमाणे पहिले वाक्य सुचवू लागले, ते त्यांनी टाकून दिले. दुसरेही टाकले. मग इंग्रजीत आपल्या हाताने एक ओळ लिहिली आणि कागद बाईंकडे फिरवला. बाईंनी चष्मा सारखा केला, ओळ दोनदा वाचली, तांबडी पेन्सिल काढली आणि समासात एक ठसठशीत बरोबरची खूण केली. मग गर्दीतून वाट काढत त्या भिकाजीपाशी गेल्या आणि त्याला हाताला धरून त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर बसवले.

पुढच्या जूनमध्ये इंग्रजीचा तास राज्यात कुठेही बंद झाला नाही. खारवण्याची शनिवारची परीक्षा सर्व शाळांना लागू झाली आणि गावोगावच्या सहीसुद्धा न येणाऱ्या म्हाताऱ्यांना परीक्षक म्हणून शाळेचे बोलावणे जाऊ लागले. पण तो हुकूम निघण्यापूर्वी राजधानीतून तन्वीबाईंना एक फोन आला होता.

"मॅडम, आपला अहवाल उत्तम आहे," वरिष्ठ अधिकारी म्हणाले. "फक्त पहिल्या वाक्यात काहीतरी चूक राहिली आहे. 'माझे बाबा लाकूड ऐकतात', असे आले आहे. यंत्र ते तांबडे दाखवते. दुरुस्त करू का?"

"करू नका," तन्वी मेस्त्री म्हणाल्या. "ते तिरोडकर बाईंनी तपासले आहे."